लोह्याच्या पुढचा लिंब

गाडी तापते म्हटलं की आमच्या नांदेडचा मिस्त्री आधी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी इंजिनातली झडप, काढून फेकतो. "ह्या उन्हात झडप कशाला पायजे? पाणी मोकळं फिरू द्या की!" जहांगीरमियांनी गॅरेजात जन्मभर हेच केलं, अन् जीप-टेम्पोंना ते खपूनही गेलं. स्वतःच्या लाल गाडीचाही थर्मोस्टॅट त्यांनी तसाच काढला, अन् तिथंच घोळ झाला.

दोन सीटची, उघड्या टपाची ती जुनी विलायती स्पोर्ट्स कार. भंगारातून आणून त्यांनी ती उभी केली ती एकाच हट्टापायी: बायकोला, शकिलाला, लातूरला तिच्या माहेरच्या गल्लीत ह्या गाडीतून उतरवायचं. पण दर खेपेला वाटेत लोहा गावाच्या पुढच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला भिडायचा. मग लिंबाखाली गाडी उभी करायची, बॉनेट उघडायचं, अन् इंजिन निवेपर्यंत शकिलानं डबा सोडायचा. "तुमच्या गाडीला माझ्या माहेरचं वावडं हाय," ती चिडवायची. दुपार कलली की दोघं माघारी. रेडिएटर बदलला, पंखा बदलला, वॉटरपंप बदलला, पण गाडीनं लातूर काही पाहिलं नाही.

आणि आता शकिलाच विसरत चालली. आधी गॅसवरचं दूध विसरली, मग नातवंडांची नावं. परवा तर तिनं नवऱ्यालाच विचारलं, "मिस्त्री, आमचे मालक कुठं गेले हो?" माहेर आठवतंय तोवर तिला तिथं न्यायलाच हवं होतं.

त्याच दुपारी त्यांनी गाडी चालू केली अन् रेडिएटरच्या नळीवर हात ठेवला. इंजिन उकळायला आलेलं अन् नळी कोमट! मग डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्या इंजिनात पाण्याला रेडिएटर चुकवून परत इंजिनात शिरायची एक आडवाट होती. थर्मोस्टॅट उघडला की त्याच्या खालचं पितळी कडं ती वाट बुजवायचं. थर्मोस्टॅटच नाही म्हटल्यावर पाणी रेडिएटरकडं कशाला जातंय? ते आपलं आतल्या आत गरगरत होतं.

"अरे गधड्या," ते स्वतःलाच म्हणाले, "इतकी वर्षं तिची वाट तूच अडवलीस."

तसल्या कड्याचे दोन थर्मोस्टॅट त्यांनी मुंबईहून मागवले अन् चहाच्या पातेल्यात पाणी तापवून दोन्ही आत सोडले.

"काय शिजवून राहिले, मिस्त्री?" शकिलानं विचारलं.

"तुमचं माहेर," ते म्हणाले.

ब्याऐंशी अंशांना उघडणारा, थंड मुलखासाठीचा, अजून मिटलेलाच होता तेव्हा चौऱ्याहत्तरवाल्यानं तोंड उघडलं. आपल्या उन्हाला हाच बरा, म्हणून तोच बसवला.

निघायच्या दिवशी डबा मात्र शकिलानं न सांगता घेतला. लोहा मागं पडलं, चढ लागला, अन् काटा जो मध्यावर थांबला तो हलेचना. जहांगीरमियांना मोठ्यानं गावंसं वाटलं. लिंब आला अन् मागं गेला.

"थांबवा!" शकिला ओरडली अन् दाराची कडी ओढू लागली. त्यांनी घाईनं गाडी कडेला घेतली.

"मिस्त्री, लिंब मागं राहिला की! आमची गाडी तिथंच तापती. आमचे ते तिथंच थांबून असतील, उपाशी."

"थोड्या वेळात लातूर येतंय, शकिला. तुझा भाऊ नबील वाट बघून राहिला."

"मला न्हाई जायचं लातूरला." ती रडायला लागली. "त्यांच्याकडं न्या मला."

जहांगीरमियांनी काट्याकडं पाहिलं. तो बापडा अजून मध्यावरच होता. पुढं लातूरपर्यंत रस्ता मोकळा पडला होता. त्यांनी गाडी वळवली, लिंबाखाली आणून बंद केली, बॉनेट उघडलं अन् खांद्यावरच्या रुमालानं धडधाकट इंजिनाला वारा घालत उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

"अजी," मागून आवाज आला. कित्येक दिवसांत तिनं त्यांना अशी हाक मारली नव्हती. "लई तापली का?"

"हाव," ते बॉनेटच्या आडूनच म्हणाले. "लई तापली. डबा सोड तू. निवायला वेळ लागंल."