कोवळ्या जिवाचं रक्त

बर्फ, बर्फ करून अरुणाचा घसा बसला होता.

बाळाच्या नाळेतलं रक्त नळीत घेतलं की नळी लगेच बर्फात घालायची. उष्णतेने त्यातली संप्रेरकं नासतात, मग मोजायचं काय? बहरीनमधल्या त्या इस्पितळात १९८२च्या उन्हाळ्यापर्यंत सुखरूप बाळंतपणांच्या नळ्यांनी फ्रीजर भरला होता. अवघड बाळंतपणांच्या नळ्या मात्र जेमतेम होत्या. तिथे सगळे बाळाच्या मागे धावत आणि नळी विसरली जाई. आणखी एक वाया गेली तर अरुणाचं हे संशोधन बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आज जवळच्या जिदहफ्स गावची शमा होती. रक्तदाब चढलेला, दिवस भरायच्या आत कळा. मुलगी उशिरा रडली. ती रडल्यावर अरुणाने बर्फाच्या बादलीत पाहिलं. नळी नव्हती.

"गोदाबाई, नळी?"

रत्नागिरीकडच्या गोदाबाई तिथल्या आया. त्यांनी हनुवटीने दाखवलं. उबेच्या दिव्याखाली, बाळाशेजारी, नळी कापसात गुंडाळून निजवली होती.

"कोवळ्या जिवाचं रक्त ते. बर्फात घालतात होय?"

"परवा समजावलं होतं ना तुम्हाला?"

"परवाचं पोर दांडगं होतं. हिला सोसेल?"

अरुणाने डोळे मिटले. नळी खलास. मग तिला आठवलं, वार नुकतीच पडली होती आणि तिच्या शिरांत बाळाचं थोडं रक्त उरतंच.

"वार कुठाय?"

"आत्ताच आबिदाबीला दिली. अंगणात पुरायचीय त्यांना."

अरुणा बाहेर धावली. शमाची सासू डबा घेऊन निघालीच होती.

"आबिदाबी, थांबा. यातलं थोडं रक्त हवंय."

"मघाशी घेतलंत ना?"

"ते गोदाबाईंनी शेकलं."

"आणि हे?"

"बर्फात ठेवणार."

आबिदाबीने मागून आलेल्या गोदाबाईंकडे पाहिलं. "ही बाई बरी आहे ना?"

"रोज असंच बोलते," गोदाबाई म्हणाल्या.

अरुणा आबिदाबीकडे वळली. "वार तुमचीच. मला सुईभर रक्त पुरे. बाळंतपण अडलं की बाळाच्या रक्तात काय बदलतं, ते कळलं तर पुढच्या बायांच्या कामी येईल."

आबिदाबीने डब्याचं झाकण उघडलं. "घे. पण डबा मी धरणार."

नळी भरली, बर्फात गेली. अरुणा हात धुऊन वळली तर गोदाबाईंनी बादलीला बाळाचं जाड दुपटं गुंडाळलं होतं, काठापर्यंत.

ती ओरडणारच होती. पण दुपट्यात बर्फ जास्त टिकतो. तिने तोंड मिटलं आणि बादली उचलली.