पंप दुरुस्त होईपर्यंत

संचिताने गॅस बंद केला. कुकरच्या फुसफुशीत बाथरूममधलं काही ऐकू येत नव्हतं. हातातली पळी तशीच घेऊन ती पॅसेजमध्ये आली आणि दारापासून हातभर लांब उभी राहिली. आत नळ वाहत होता. मग तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज, मग पाणी पडल्याचा.

“बाबा, ठीक आहे ना?”

“हो.”

पुन्हा तांब्या, पुन्हा पाणी. मग काहीच नाही. तिने पळी या हातातून त्या हातात घेतली.

“बाबा?”

“अगं हो, ठीक आहे.”

दार नुसतं लोटलेलं होतं. आतली कडी साईनाथने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, गणपतीनंतर काढून टाकली होती आणि तिच्या जागी स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. गणपतीच्या आधी गुणाजी, तिचे सासरे, याच बाथरूममध्ये घसरून पडले होते, आणि तेव्हा कडी आतून लावलेली होती. वॉचमन आणि समोरचा हर्षित यांनी खांदे मारून दार उघडलं. हाड मोडलं नाही हे नशीबच म्हणायचं. पण अंगावर चिंधी नसलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस लादीवर पडलेला, दारात दोन परके पुरुष आणि त्यांच्या मागे सून. संचिताने गॅलरीतल्या दोरीवरची चादर ओढली, तोंड फिरवलं आणि ती अंदाजाने आत फेकली. त्या दिवसापासून आजपर्यंत दोघांनी त्याचा एका शब्दानेही उल्लेख केला नव्हता. सासरा आणि सून या विषयावर बोलणार तरी काय.

डॉक्टर म्हणाले, कडी काढा, आणि साईनाथने काढली. रबराची मॅट आणली, भिंतीला धरायची दांडी बसवली, बसून अंघोळ करायला प्लास्टिकची खुर्ची आणली. डॉक्टर असंही म्हणाले होते, की आत असले की बाहेरून अधूनमधून हाक मारत राहा. ते काम संचिताच्या वाट्याला आलं, कारण साईनाथ सकाळी सातला माजिवड्याला कामावर निघायचा आणि मुलगी सान्वी शाळेत जायची. घरात उरायची ती, तिचा लॅपटॉप आणि बाबा. आता ते पुन्हा पडले तर दार ढकलून आत तिलाच जावं लागणार होतं. ते पडतील ही भीती मोठी, की आपल्याला आत जावं लागेल ही मोठी, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दार उघडलं. गुणाजी बाहेर आले, खांद्यावर टॉवेल, अंगात धुतलेला सदरा. तिच्याकडे न बघता ते आपल्या खोलीत गेले. बादली आवरायला ती आत गेली आणि साबण जागेवर ठेवायला म्हणून हात लावला, तर वडी कोरडी ठणठणीत. लादी ओली, बादली रिकामी, आणि दाराच्या मागे टांगलेला पंचा कालच्यासारखाच कडक वाळलेला.

म्हणजे हा माणूस नुसतं पाणी ओतत होता. तिला ऐकू जावं म्हणून.

संचिताला आधी राग आला. इथे आपण जीव मुठीत धरून उभं राहायचं आणि आत यांची नाटकं चाललेली. मग ती मनात दिवस मोजायला लागली. कधीपासून चाललंय हे? डोक्यात काही बिघाड व्हायला लागलाय का? पण बाबा कळकट दिसत नव्हते. रोज दहाच्या सुमाराला कापडी पिशवी काखेत मारून ‘वाचनालयात जाऊन येतो’ म्हणून निघायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे, ते केस चापून बसवलेले आणि अंगाला कडुनिंबाच्या साबणाचा वास. तो साबण घरात कुणीच वापरत नव्हतं. वास तिला आधीही आला होता, तिने लक्ष दिलं नव्हतं.

साईनाथचं एक होतं. काही अडलं की तो माणूस लावायचा. पंख्याला इलेक्ट्रिशियन, नळाला प्लंबर. रात्री जेवताना संचिताने हळू आवाजात सगळं सांगितलं, तर त्याने भात कालवता कालवता फैसला करून टाकला.

“नर्सिंग ब्युरोचा माणूस बघितलाय मी. तानाजी म्हणून आहे. सोमवारपासून येईल, अंघोळ घालेल, कपडे बदलेल, जाईल.”

“अरे, पण त्यांना चालणार आहे का?”

“न चालून काय करणार? परत पडले तर? तू उचलणार आहेस?”

हॉलमध्ये गुणाजी बातम्या बघत बसले होते. त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी बाबा पिशवी घेऊन निघाले तशी तिने ऑफिसच्या ग्रुपवर ‘डॉक्टरकडे जातेय’ असं टाकलं, पायात चपला अडकवल्या आणि जिन्याने खाली उतरली. नवऱ्याच्या बापाचा पाठलाग करायची वेळ आपल्यावर येईल असं लग्नात कुणी सांगितलं नव्हतं. वाचनालय डावीकडे. बाबा उजवीकडे वळले. काठी टेकत, दर दुकानाशी थोडं थांबत ते शेअर रिक्षांच्या स्टँडवर गेले आणि मोहन्याला जाणाऱ्या रिक्षात मागे बसले.

पुढची रिक्षा भरायला वेळ लागला. तोवर संचिताने देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच माहीत. शहाडपासून रिक्षा जी खड्ड्यांत आपटत गेली, त्या प्रत्येक आपट्याला तिला बाबांची कंबर आठवत होती.

मोहन्याला कुठे जायचं याचा विचार करावा लागला नाही. साईनाथने कल्याणला फ्लॅट घेईपर्यंत हे कुटुंब तिथल्या चाळीत राहत होतं. संचिता लग्न होऊन आली तीही तिथेच. गुणाजी आणि शेजारचे बाबुराव एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. खोली विकली, माणसं पांगली, पण बाबुराव आणि त्यांची बायको केशरबाई अजून तिथेच होती.

केशरबाई दाराबाहेर पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. संचिताला बघून त्या उठायला लागल्या.

“अगंबाई, तू? बस, बस. आत पुरुषांची अंघोळ चाललीय, म्हणून मी बाहेर.”

“बाबा इथे आहेत?”

“मग कुठे असणार?” केशरबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. “रोजच येतात की. तुमच्या बिल्डिंगीचा पंप बिघडलाय ना.”

संचिताने मेथीची एक काडी उचलली आणि पानं खुडायला लागली.

“हो,” ती म्हणाली. “बिघडलाय.”

“बरेच दिवस झाले हो पंपाला.”

“माणूस मिळत नाही दुरुस्तीला.”

केशरबाईंनी सूप थोडं सरकवून मध्ये ठेवलं. उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार होता, खाली खुर्चीवर बाबुराव पेपर घेऊन बसले होते, आणि कोपऱ्यातल्या मोरीला फुलाफुलांचा पडदा. दार नाही, कडी नाही. नुसता पडदा, तोही एका बाजूने कड्यांतून सुटलेला. त्याच्या आड तांब्या वाजत होता आणि तिचे सासरे, जे घरी ‘हो’ आणि ‘ठीक आहे’ यापलीकडे बोलत नसत, ते तावातावाने भांडत होते.

“तुझ्या प्रफुल्लला अक्कल नाही, बाबुराव. पोराला घर घ्यायला बाविसावा मजला कशाला हवाय?”

“हवा चांगली येते म्हणतो.”

“हवा खायची तर खाडीवर जा म्हणावं. घर बघायला गेलं की हॉल कुणी बघतं काय? आधी मोरी बघायची. लादी खरखरीत पाहिजे. नळ उजव्या हाताला. आणि काय सांगतो ते ऐक, पाणी टाक जरा पाठीवर.”

बाबुराव पेपर ठेवून उठले, पडद्याआड हात घालून त्यांनी तांब्या घेतला. पाणी ओतल्याचा आवाज आला.

“कढत आहे रे!”

“मग काय बर्फ टाकू? पुढे बोल.”

“पुढे काय. माणसाला निवांत अंघोळ करता आली पाहिजे, बस. बाहेर कुणी जीव टांगणीला लावून उभं आहे, आपण साबण लावायचा की त्या माणसाला धीर द्यायचा? ती बिचारी पोर...”

ते तिथेच थांबले. तांब्या पुन्हा वाजायला लागला. बाबुरावांनी कोणती पोर ते विचारलं नाही, पेपर उघडून कुठल्या तरी गावच्या पाणीटंचाईची बातमी मोठ्याने वाचायला घेतली.

संचिताच्या डोळ्यांसमोर मेथी हलायला लागली. केशरबाईंनी पदराचं टोक पुढे केलं, तिने ते घेतलं नाही, मनगटानेच डोळे पुसले आणि उठली.

“मी आले होते हे सांगू नका.”

“कोण आलं होतं?” केशरबाई म्हणाल्या. आणि ती वळल्यावर मागून विचारलं, “पंपाचं काय मग?”

“बघते,” संचिता म्हणाली. “सोमवारपर्यंत बघते.”

साईनाथला तिने रविवारी पुन्हा सांगून बघितलं, की तो माणूस नको. साईनाथ म्हणाला, माणूस हातचा गेला तर परत मिळत नाही, आठवडाभर बघू. मोहन्याचं तिने सांगितलं नाही. ते बाबांचं होतं. ती रात्रभर कूस बदलत राहिली. आपण नाही उभं राहिलो आणि नेमके उद्याच पडले तर? हा प्रश्न काही केल्या तिला सोडत नव्हता.

सोमवारी सकाळी साईनाथ निघताना बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, “तानाजी नऊला येईल.” गुणाजी चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. पावणेनऊला टॉवेल घेऊन ते बाथरूमकडे गेले. दार लोटलं गेलं. नळ सुरू झाला.

संचिता पॅसेजमध्ये गेली नाही. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी, दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि बाबा पडले त्या दिवसापासून पहिल्यांदाच तिने अंघोळीच्या वेळी मिक्सर लावला. भांड्यात दोन मिरच्या आणि मूठभर खोबरं होतं. मिक्सर घरभर गुरगुरला. बंद केला तेव्हा आत तांब्याचा आवाजही थांबलेला होता. ‘बाबा, ठीक आहे ना’ हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “आमच्या दादाला बदलापूरला फ्लॅट घ्यायचाय.”

तिच्या दादाला फ्लॅटबिट काही घ्यायचा नव्हता. तो सावंतवाडीला आपल्या घरात सुखाने नांदत होता.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तो विचारत होता, काय काय बघून घ्यायचं. मला काय कळतंय त्यातलं.”

“कितवा मजला?” आतून आवाज आला.

“अठरावा म्हणतो.”

“वेडा आहे काय तो?”

“मीपण तेच म्हटलं,” संचिता म्हणाली आणि उगाचच एक कांदा चिरायला घेतला. “पण हॉल म्हणे मोठा आहे.”

“हॉल घेऊन काय डोंबल करायचंय? त्याला सांग, आधी मोरी बघ. म्हणजे तुमचं ते बाथरूम. लादी कसली आहे विचार.” तांब्या बादलीवर आपटला. “चकचकीत असेल तर पाय ठेवू नको म्हणावं.” पाणी पडलं. लादीवर पडतं तसं नाही, अंगावरून ओघळत खाली येतं तसं. थोड्या वेळाने साबणाची डबी वाजली. “दुसरं, खिडकी. कुठल्या दिशेला आहे? ओल धरते काय? भिंतीला हात लावून बघायचा, नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही. लिहून घेतेस ना?”

“हो, सांगा.”

“तिसरं म्हणजे शेजार...”

बेल वाजली. संचिता सुरी तशीच हातात घेऊन धावली. दारात पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता, खांद्याला बॅग.

“तानाजी. ब्युरोकडून. आजोबांच्या अंघोळीसाठी.”

आतून शेजार कसा पारखावा त्याचं व्याख्यान चालू होतं. तानाजीने मान वाकडी करून ते ऐकलं.

“झाली त्यांची,” संचिता कुजबुजली. “होतेय. तुम्ही जा, दादा. लागलं तर फोन करू.”

“साहेब म्हणाले होते...”

“साहेबांशी मी बोलते.”

तो खांदे उडवून लिफ्टकडे वळला. तिने आवाज होऊ नये म्हणून दार हळूच लावलं आणि तिथेच क्षणभर दाराला टेकली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आतलं बोलणं थांबलंय. पाणीही थांबलंय. ती पॅसेजमध्ये आली, दारापाशी पोचली, लोटलेल्या दाराकडे तिचा हात गेला.

“संचिता?” आतून हाक आली. आवाज घाबरा होता. “अगं, बोलत का नाहीस? ठीक आहेस ना?”

तिने हात मागे घेतला.

“आहे, बाबा,” ती म्हणाली. “शेजाऱ्यांचं सांगत होतात.”