उकडीवरची बाई

प्यो दोकसामने ठशाला तिळाच्या तेलाचे बोट लावले, तो उकडीच्या गोळ्यावर दाबला आणि अलगद उचलला. मग वाकून पाहिले.

"बाई कुठाय?"

"ही काय," इनयोंग म्हणाली. "डोक्यावर टोपली आहे. मागे शिपाई, वर घोषणा."

"मला तर नुसता चिवडा दिसतोय. उकड म्हणजे कागद नव्हे, पोरी. खोल खण, पण रेघा कमी खण."

तांदळाच्या वड्यांवर उमटवायचे लाकडी ठसे कोरणे हा दोकसाम म्हाताऱ्याचा चाळीस वर्षांचा धंदा. लग्नाला कमळ, साठीला मासा, बारशाला चक्र. रेडिओवर बातम्या लागल्या की तो कान पिळून बंद करायचा. इनयोंग बत्तीस वर्षांची, गेल्या वर्षापर्यंत शाळेत चित्रकला शिकवणारी. लाकूड घ्यायला दुकानात यायची, तेवढीच ओळख.

दुकानातून नेलेल्या लाकडावर तिने मंडईतल्या ओक सुल्येचे चित्र कोरून कागदावर छापले होते. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात गावात लष्कर शिरले, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या पोरांसाठी सुल्ये मंडईतून टोपलीभर भाताचे मुटके घेऊन गेली आणि परत आली नाही. चित्राच्या प्रती हातोहात राजधानी सोलपर्यंत पोचल्या. पोलिसांनी तिच्या कोरलेल्या लाकडी पाट्या उचलून नेल्या, इनयोंगला एकोणीस दिवस कोठडीत ठेवले आणि यापुढे कागदावर एकही चित्र छापणार नाही, असे लिहून घेऊन सोडले.

सुटल्यावर ती थेट म्हाताऱ्याकडे आली होती.

"कागदावर?" त्याने विचारले.

"कागदावर."

त्याने थोडा विचार केला आणि नाशपातीच्या लाकडाचा एक तुकडा तिच्यापुढे सरकवला. याचे त्याचे त्यालाच नवल वाटले. त्याचा मुलगा सरकारी कचेरीत कारकून. "आबा, त्या बाईला दुकानात पाय ठेवू देऊ नका," असे त्याने बजावून ठेवले होते. पण म्हाताऱ्याने तिचा उजवा हात पाहिला होता. दोन बोटांची नखे काळीनिळी पडलेली. त्याच हाताने ती त्याच्या दगडावर पटाशीला धार लावत बसली होती.

आठ दिवस तो तिला नुसता बोलत राहिला. आधी शिपाई गेले. मग नाक गेले, डोळे गेले. घोषणेवरून दोघांचे दिवसभर भांडण झाले.

"तेच शब्द काढले तर उरलं काय?"

"मान उरली ना. मानेकडे बघ जरा."

नवव्या दिवशी उकडीवर एक टोपली उमटली, तिच्या भाराने किंचित कललेली मान, आणि टोपलीला लावलेला एक हात. म्हाताऱ्याने ती वडी तळहातावर घेतली आणि दारातल्या उजेडात नेली.

"मी आयुष्यभर मासेच कोरत बसलो," तो म्हणाला.

सुल्येच्या पुण्यतिथीला सकाळी दहा वाजता टेकडीवरच्या थडग्यापाशी जायची परवानगी मिळाली होती. चित्र नको, पत्रक नको, गाणे नको. सुल्येची धाकटी बहीण जोमसुन मंडईत सुकी मासळी विकायची. बहीण दम्याने गेली, असे तिने तेव्हाच चौकीत लिहून दिले होते आणि त्यानंतर या विषयावर कुणाशी चकार शब्द काढला नव्हता. मंडईतल्या दहाबारा बायका आल्या होत्या. साध्या वेशातले पोलीस अधिकारी मेंग साहेब पिशव्या तपासत होते.

म्हाताऱ्याने आणि इनयोंगने उत्तर ठरवून ठेवले होते. कुणी विचारलेच, तर बाजारातली कुठलीही बाई. मग सगळ्यांनी पटापट खाऊन टाकायचे. "पुरावा पोटात," असे म्हणून म्हातारा खूश होऊन हसलाही होता.

पूजा आटोपली, वड्या वाटल्या गेल्या. मेंग साहेबांनी डब्यावरचे फडके उचलले.

"चित्र नको म्हटलं होतं."

"वड्या आहेत, साहेब," म्हातारा म्हणाला. "घ्या एक, ताजी आहे."

"ही बाई कोण?"

"कोणी नाही हो. मंडईत जा, अशा शंभर बायका—"

"माझी बहीण आहे," जोमसुन म्हणाली.

वडी तिच्या ओंजळीत होती. अंगठा मानेच्या रेघेवरून हळूहळू फिरत होता.

"तिची मान अशीच जायची. डावीकडे. मी ओरडायचे, अगं सरळ चाल, टोपली पडेल."

म्हाताऱ्याने डब्याचे झाकण हातात तसेच धरून ठेवले. इनयोंगने त्याच्याकडे पाहिले. हे त्यांनी ठरवलेले नव्हते.

मेंग साहेब जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "जोमसुनबाई, तुम्ही लिहून दिलंय. दमा होता."

"दिलंय ना. पेनसुद्धा तुमचंच होतं." तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "दोन टोपल्या घेऊन मंडईचा चढ चढायची ती. तिला कसला दमा? पाठीत गोळी लागली. शेवटची अंघोळ मी घातलीय तिला."

कुणीही खात नव्हते. वड्या हातात तशाच होत्या.

"विचार करून बोला. पुन्हा जबाब द्यावा लागेल. चौकीत यावं लागेल."

"येते की. नाहीतर इथंच लिहा. ओक सुल्ये, वय एक्केचाळीस."

मेंग साहेबांचा हात खिशातल्या वहीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मागच्या रांगेतून सोयाबीनचे पनीर विकणारी एक म्हातारी पुढे आली. तिने आपली वडी रुमालात नीट गुंडाळली, कमरेला खोचली आणि जोमसुनच्या शेजारी गवतावर बसली.

"तिच्याखाली माझं नाव घाला, साहेब," ती म्हणाली. "त्या दिवशीचा भात मी शिजवला होता."