उसन्या गळ्याचं गाणं

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. मुठीत मावेन एवढाच. बॅटरीचं झाकण तुटलंय, म्हणून त्यावर रबरबँड लावलेलं आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दिवाणखान्यात मिरवीन. पण मला विकत घेतलं ते जंगलात पक्षी मोजणाऱ्या एका बाईंनी. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो.

विणीच्या दिवसांत, म्हणजे पक्षी घरटी करतात तेव्हा, ताई मला गळ्यात अडकवून डोंगरावरच्या जंगलात जायच्या. ओढ्याच्या वळणावर करड्या छातीचा एक इवलासा नर राहायचा. उजाडायच्या आत त्याची तान सुरू, म्हणून ताईंनी त्याचं नाव ठेवलं गवईबुवा. त्याचंच गाणं त्यांनी माझ्यात भरलं. ते अर्धा मिनिट वाजवायचं आणि मग गप्प बसून ऐकायचं. कुठून उत्तर आलं की वहीत एक खूण. पहिल्या वर्षी ओढ्यापासून वरच्या खिंडीपर्यंत नऊ नरांनी उत्तर दिलं. ताईंनी मला थोपटलं, "शहाणं गं माझं ते!" मी फुगून गेलो.

मग भावाने पर्यटकांना पक्षी दाखवायचं काम धरलं आणि मला मागून नेलं. इथून पुढचं आठवलं की माझं डोकंच फिरतं.

"पुन्हा लाव. पंख फुलवलेला फोटो पाहिजे," कॅमेरेवाले म्हणायचे. पुन्हा बटण, पुन्हा गाणं. गवईबुवांना वाटायचं, कोणी परका नर आपल्या हद्दीत घुसलाय. ते चवताळून यायचे आणि चोच वासून माझ्यावर ओरडायचे. भांडण कोणाशी, तर स्वतःच्याच आवाजाशी! मादीही अंडी सोडून धावून यायची. डोंगरातली थंडी ती, उघडी अंडी किती वेळ ऊब धरणार? मला सांगायचं होतं, "अहो बुवा, घरी जा!" पण तोंडातून निघायचं तेच ते गाणं. बॅटरी संपावी म्हणून मी किती वाट पाहिली! पण भाऊ मोठा हुशार, खिशात दुसरी तयारच.

पुढच्या वर्षी ताईंच्या वहीत दोनच खुणा झाल्या. वाट रुंद करताना झाडं तोडली, हेही कारण असेल. पण ओढ्याच्या वळणावरचं पाप माझ्या पदरात आहे. ताईंनी भावाला विचारलं, "किती वेळ लावायचास रे?"

"तास, दीड तास. पण ताई, मी कुठे दगड मारला? नुसतं गाणं तर लावलं!"

ताईंनी त्याला हाताला धरून वळणावर नेलं आणि मला वाजवलं. जंगल गप्पच राहिलं. तेवढ्यात खालच्या वाटेवर पक्षी पाहायला आलेल्या मंडळींपैकी कोणीतरी आनंदाने ओरडलं, "ऐकलंत? आहे तो! यादीत लिहा!"

ताई खाली गेल्या आणि त्या मंडळींपुढे मला धरलं. "तो नाही. हा आहे," एवढंच म्हणाल्या. भावाची मान वर होईना.

आता मी कपाटात असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला वापरा. माझं उलट आहे. विणीच्या दिवसांत मला घरीच ठेवा. पक्षी दिसला तर दिसला, नाही तर नुसतं ऐका. गवईबुवांचं गाणं आता फक्त माझ्यापाशी उरलंय, आणि ते मला नको आहे.