सुंठवड्याचा डबा

खारी गावातल्या सत्संगाच्या खोलीबाहेर चपलांचे एकेचाळीस जोड होते आणि एक चप्पल एकटीच. आत तीन सतरंज्या, दोन समया, झेंडूने सजवलेला पाळणा आणि बायकांच्या बाजूला भिंतीलगत एक रिकामी जागा. तिथे क्षितिजाची आई बसायची.

त्र्याण्णवची दत्तजयंती. गिरगाव सोडून मायलेकी इथे भाईंदरला आल्या तेव्हापासून, पाच वर्षं, जन्माचा सुंठवडा त्यांच्या घरून यायचा. श्रावणात आई गेली. यंदा सांगायला कोणी आलं नाही, तरी क्षितिजाने तो केला, आईच्या वहीतल्या मापाने, सुंठ अंमळ जास्त घालून. मिरा रोडच्या एका कारखान्यात ती माल तपासायची. तिथून थेट यायचं म्हणून डबा कामावर नेला, आणि काटा समोर दिसल्यावर सवयीने तोलूनही घेतला. झाकणासकट सातशे बारा ग्रॅम. सुंठवड्याचा मान घरात राहिला, तर या माणसांत यायला तिला काही कारण राहणार होतं. दुसरं कुठलंच नव्हतं.

प्रसादाचं सगळं विमलाबाईंकडे. त्यांनी दारातच डबा घेतला, पण परातीकडे नेला नाही.

"वर्ष सरलं नाय गो अजून," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या घरात यंदा सण नाय. आम्ही तुझ्या तोंडात गोड घालायचं, तू नाय आणायचं. आईने कधी सांगितलं नाय?"

"आई होती तोवर घरातलं कोणी गेलं नव्हतं," क्षितिजा म्हणाली.

विमलाबाईंनी डबा पदराखाली घेतला. "बरं, ठेवते. देवाला काय, सगळं चालतं."

क्षितिजा भिंतीलगतच्या जागेवर जाऊन बसली. दिवेलागणीला जन्म झाला. फुलं पडली, पाळण्याची दोरी हातोहात फिरू लागली. क्षितिजापाशी आली तेव्हा शेजारणीने तिच्या गुडघ्यावर मायेने हात ठेवला आणि दोरी पलीकडे दिली.

मग पुड्या वाटल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या हंसाबेन बोट चाटत म्हणाल्या, "तुझी मम्मी तर रडवायची आम्हाला, एवढी सुंठ टाकून. यावेळी एकदम मीठा झालाय."

क्षितिजाने चिमूटभर जिभेवर ठेवला. खोबरं, साखर. सुंठ शोधावी लागत होती.

"दुसऱ्यांच्यात मिसळला असेल," ती म्हणाली.

"हां, मिक्स केला असेल," हंसाबेन म्हणाल्या आणि दुसरी पुडी सोडू लागल्या.

निघताना विमलाबाईंनी डबा पिशवीत घालून दिला. "सगळ्यांनी घेतला हो. थोडा उरलाय तो घरी ने. पुढच्या वर्षी मात्र तूच करायचा."

घर येईपर्यंत क्षितिजाने पिशवी दोनदा या हातातून त्या हातात घेतली. डबा ओट्यावर ठेवला, उघडला नाही.

सकाळी कारखान्यात अजून कोणी आलं नव्हतं. तिने काटा शून्यावर आणला आणि त्यावर डबा ठेवला.

सातशे बारा ग्रॅम.