विणकर गल्लीतला गोबरगॅस

नत्थूजींना गोबरगॅस हवा होता तो देशासाठी नव्हे, बायकोच्या, चंद्रकलेच्या डोळ्यांसाठी. सुताला लावायची खळ ती रोज चुलीवर शिजवायची आणि पदरानं डोळे पुसत राहायची. धूर बंद करा, नाहीतर डोळे गमावून बसाल, असं रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

सदर भागातल्या सरकारी कचेरीतून वामनराव साहेब आले. त्यांना गोबरगॅसच्या टाक्यांचा वर्षअखेरीचा आकडा गाठायचा होता.

"नत्थूजी, देशाचा गॅस फुकट हवेत जाऊन राहिला गा! जनावरं किती तुमच्याकडं?"

"एकबी नाही, साहेब."

"खड्ड्याले जागा आहे ना? मग झालं. जनावरं येतील मागाहून."

खड्डा झाला, लोखंडी टाकी बसली. पंचाईत होती शेणाची. या गल्लीत गाय म्हणजे हाडवैरी. विणायच्या सुताचा ताणा गल्लीभर ताणून खळ लावली, की गाई ती चाटायला यायच्या आणि सगळे विणकर काठ्या घेऊन धावायचे. आता त्याच गाईंना नत्थूजी घमेल्यातली खळ दाखवून बोलावू लागले. शेजारच्या देवरावानं कपाळावर हात मारला. पण गाई रुळल्या, शेण साठलं आणि एका सकाळी गॅस भरून टाकी चक्क वर आली.

त्या दिवशी खळ गॅसवर शिजली. धुराचा पत्ता नाही. लग्नाच्या लुगड्याच्या ताण्याला ती लावून होते न होते तोच वामनराव हजर. त्यांना गॅसवरचा चहा हवा होता. तो बघायला अख्खी गल्ली स्वयंपाकघरात घुसली. निळी ज्योत पाहून देवरावानंसुद्धा हात जोडले. राखणीला बाहेर कोणी उरलं नाही.

चंद्रकला खिडकीपाशी उभी होती.

"अजी, डोळ्याले पाणी नाही. मले लांबचं साफ दिसून राहिलं."

नत्थूजींना भरून आलं. "काय दिसते वं?"

"आपला ताणा. गाई खाऊन राहिल्या."

सगळे बाहेर धावले. शेवटची गाय उरलेलं सूत शेवयांसारखं ओढत होती. नत्थूजी तुटके धागे वेचायला खाली बसले. चंद्रकलेला मात्र हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वामनराव बशीतला चहा फुंकत म्हणाले, "घाबरू नका. उद्याच्या गॅसची सोय झाली."

नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती धुराशिवाय पहिल्यांदाच रडत होती. ते उठले आणि घमेलं घेऊन गाईच्या मागे जाऊन उभे राहिले.