सुपरवायझरला वगळून

सोलापूरच्या पूर्व भागात चादरींचा एक कारखाना होता. १९७८ साली त्याच्या मालकांनी मुंबईहून वापरलेला कॉम्प्युटर आणून बसवला. कपाटाएवढं ते धूड बघायला आठवडाभर माणसं खिडकीशी उभी राहायची. चादरीवरची नक्षी मागावर उतरते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. एका नव्या नक्षीला असे शेकडो पुठ्ठे लागतात आणि ते हातानं पाडायला कारागिराचा पंधरवडा जायचा. आता कॉम्प्युटरनं हुकूम सोडायचा आणि त्याला जोडलेल्या मशीनच्या सुयांनी धडाधड भोकं पाडायची, असा बेत होता. त्याची सगळी जबाबदारी कमलाकरवर होती. तो वैरागच्या एका शाळामास्तरांचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला, वय एकोणतीस.

कॉम्प्युटरमध्ये त्यानं एक मुख्य प्रोग्रॅम घातला होता. त्याला सगळे सुपरवायझर म्हणायचे. मशीनकडे हुकूम जातो तो पोर्टमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या दारांतून, आणि ही दारं सुपरवायझरच्या ताब्यात असायची. दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रॅमला सुई खाली आणायची असेल तर त्यानं सुपरवायझरकडे अर्ज करायचा. सुपरवायझर आधी मशीनपुढची लोखंडी जाळी लावलेली आहे का ते तिच्या स्विचवरून बघायचा आणि मगच सुई सोडायचा. जाळी उघडी असली की सुया जागच्या जागी थांबायच्या. हे कमलाकरनं मशीनवर काम करणाऱ्या अक्कम्माला स्वतः समजावून सांगितलं होतं. "पुठ्ठा अडकला तर बिनधास्त जाळी उचला. मशीन आपोआप थांबतंय."

नक्षीचा प्रोग्रॅम सरोजिनीनं लिहिला होता. ती गणिताची पदवीधर, नक्षी खात्यात नुकतीच लागलेली. एक दिवस ती प्रोग्रॅम छापलेल्या कागदाची गुंडाळी घेऊन कमलाकरच्या खोलीत आली.

"कमलाकरराव, माझा प्रोग्रॅम दिवसभर नुसते अर्जच करत बसतो. एकेका भोकासाठी परवानगी मागायची म्हणजे काय! सोमवारी व्यापारी येणार आहेत. मला पोर्टवर थेट लिहू द्या की."

नाही म्हणायला हवं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण महिन्याभरापूर्वी याच सरोजिनीनं सगळ्यांसमोर त्याचं एक गणित दुरुस्त केलं होतं आणि आज ती त्याच्याकडे मागायला आली होती. त्याला बरं वाटलं. "त्यात काय मोठंसं," म्हणत त्यानं, कुणाला दार थेट उघडायचं ते ठरवणाऱ्या सुपरवायझरच्या तक्त्यात, तिच्या प्रोग्रॅमपुढं शून्याचा एक केला.

"पण मग जाळीचं कोण बघणार?" तिनं विचारलं.

"ते मी बघतो."

जाळी तपासणाऱ्या चार ओळी तिच्या प्रोग्रॅममध्ये संध्याकाळपर्यंत लिहून टाकू, असं त्याच्या मनात होतं. संध्याकाळी मॅनेजर आबासाहेबांनी बोलावलं. दुसऱ्या दिवशी मालक आले. सोमवारी व्यापारी आले. मशीन चौपट वेगानं चालताना बघून त्यांनी तोंडात बोटं घातली आणि आबासाहेबांनी कमलाकरच्या पाठीवर थाप मारली. त्या चार ओळी राहून गेल्या.

गुरुवारी सकाळी पुठ्ठा अडकला. अक्कम्मानं जाळी उचलली आणि आत हात घातला. सुया थांबल्या नाहीत.

उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. किंकाळी ऐकून कमलाकर धावत आला तेव्हा दोघी बायका तिला धरून उभ्या होत्या. ती तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती. सरोजिनीनं आपल्या पदराची पट्टी फाडून तिच्या हाताला घट्ट गुंडाळली. कमलाकर नुसता जाळीकडे बघत राहिला.

दुपारी आबासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आबासाहेब श्रीपूरकडचे, उसाच्या रानातून आलेले, आवाज मोठा. त्या दिवशी मात्र हळू बोलत होते.

"तवा चालू काय हुतं?"

"नक्षीचा प्रोग्रॅम," कमलाकर म्हणाला.

"कुणाचा त्यो?"

"सरोजिनीबाईंचा."

"आन् जाळी उचलल्यावर कसं काय थांबलं न्हाय?"

"सुपरवायझर थांबवतो. मी तपासतो, साहेब."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या सरोजिनीचा चेहरा पांढराफटक पडला. कमलाकरनं जाळीचं बघितलंय याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. म्हणजे चूक आपल्याच प्रोग्रॅममध्ये, आपणच भलत्या पोर्टवर काहीतरी लिहून बसलो, असं तिनं धरलं. "माझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली. कमलाकरनं मान खाली घातली. खोलीत परत जाऊन त्यानं कडी लावली आणि तक्त्यातल्या एकचा पुन्हा शून्य केला.

सरोजिनीला सुताच्या गोदामात पाठवलं. कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला.

चौथ्या दिवशी तो संत्री घेऊन दवाखान्यात गेला. वॉर्डाच्या दारातूनच त्याला दिसलं, सरोजिनी खाटेच्या कडेला बसून अक्कम्माला भाकरीचा एकेक घास भरवत होती.

"चूक अजून सापडली नाही, अक्कम्मा," ती सांगत होती. "पण मी शोधतेय. सापडल्याशिवाय राहणार नाही."

"सापडून बोटं येत्यात व्हय?" अक्कम्मा म्हणाली. पण रागानं नाही. "खा की तू बी."

कमलाकरनं आत जाऊन पिशवी स्टुलावर ठेवली, "कसं आहे?" एवढं विचारलं आणि तो बाहेर पडला. घरी बायकोनं, प्रभानं, विचारलं, "कशा आहेत त्या बाई?" तो म्हणाला, "बऱ्या आहेत." त्याला जेवण गेलं नाही. प्रभाला वाटलं, नवऱ्याचं मन हळवं आहे. तिच्या त्या समजुतीनंसुद्धा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवव्या दिवशी काही कामानं त्याला गोदामात जावं लागलं. सरोजिनी सूत गुंडाळलेल्या कोनांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. त्याला बघताच तिनं टेबलाखालून कागदाची गुंडाळी काढली. तिच्यावर पेन्सिलच्या खुणाच खुणा होत्या. काही ठिकाणी खोडून खोडून कागद फाटला होता.

"बरं झालं आलात. हा पोर्टचा नंबर बघा ना. तुम्ही दिला तोच आहे, की मी वाचताना चुकले? मला तर सगळं बरोबरच दिसतंय. डोकं चालेनासं झालंय माझं."

"सगळं बरोबरच आहे," कमलाकर म्हणाला.

"मग?"

"मी जाळीचं बघितलं नव्हतं. थेट पोर्ट दिला की सुपरवायझर मध्ये येत नाही. त्या चार ओळी लिहायच्या राहिल्या. मग मी तक्ता बदलला, कुणाला कळू नये म्हणून."

बाहेर माग खडखडत होते. तिनं गुंडाळी हळूहळू गुंडाळून बाजूला ठेवली.

"नऊ दिवस मी बरोबर लिहिलेलं खोडतेय, कमलाकरराव," ती म्हणाली. "रोज. आणि तुम्ही तिकडं कॉम्प्युटरच्या खोलीत होतात."

त्यानं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"चला," ती म्हणाली. "आबासाहेबांपुढं हेच सांगा. मी शेजारी उभी राहते."

आबासाहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आता हे सांगायलाय व्हय? मालकाला मी समदं कळवून बसलोय! झालं ते झालं. गप ऱ्हावा."

"नाही, साहेब," कमलाकर म्हणाला. "मी लेखी देतो."

त्यानं तिथंच उभ्या उभ्या दोन पानं लिहून दिली. मालकांनी त्याला कॉम्प्युटरवरून काढून मागांच्या विजेच्या दुरुस्तीवर टाकलं. सरोजिनी कॉम्प्युटरच्या खोलीत परत आली. पहिलं काम तिनं हे केलं, की जाळीचा स्विच थेट सुयांच्या विजेच्या तारेत घालायला सांगितलं. आता सुपरवायझर असो नसो, जाळी उघडली की वीजच तुटणार. ती तार जोडायचं काम कमलाकरकडेच आलं. तिनं कामापुरतं सांगितलं, तेही त्याच्याकडे न बघता.

अक्कम्माला सांगायचं अजून राहिलं होतं. रविवारी तो तिच्या घरी गेला. एका खोलीचं घर. दाराशी ती डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. तिनं मान वर न करता ऐकलं. त्याला वाटलं, आता ती शिव्या देईल. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"मशीन हाय, चुकतंय," ती शेवटी म्हणाली. "मानूस बी चुकतंय. पण ती पोरगी रोज येऊन माझ्यापाशी रडली, सायेब. तिला कशाला रडू दिलं तुमी?"

कमलाकर उभाच राहिला. तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. थोड्या वेळानं तो पायरी उतरला आणि सायकल हातात धरून चालत निघाला. गल्लीतल्या घराघरांत माग चालू होते. ओळखीचं कुणीतरी "काय साहेब, इकडं कुठं?" म्हणालं. त्यानं मान वर केली नाही.